परसबाग : औषधाआधीची चार पावले

जास्वंदीच्या कोवळ्या शेंड्यांवर कापसासारखे पांढरे पुंजके दिसू लागले, की माळव्यात उन्हाळा येऊन ठेपला असे आम्ही समजतो. कोरड्या उष्म्यात हा पिठ्या ढेकूण झपाट्याने वाढतो आणि मग घरोघरी एकच प्रश्न निघतो, ‘कोणते औषध फवारावे?’ या महिन्यातील वाचक-भगिनींच्या तीन पत्रांतही तोच प्रश्न आहे. आमचे उत्तर त्यांना काहीसे निराश करील, कारण औषधाच्या नावाआधी आम्हांस दुसरेच काही सांगावयाचे आहे.

काही वर्षांपूर्वीची आमच्याच घरची हकीकत. गुलाबावरील माव्यासाठी आम्ही बाजारातून थोडे कीटकनाशक सुटे आणले. दुकानदाराने ते सरबताच्या रिकाम्या बाटलीत ओतून दिले व आम्ही निमूटपणे घेतले. बाटली ओट्याखाली राहिली. सुट्टीस आलेल्या नातवाने भर दुपारी तहानेने तीच उचलली. झाकण काढताच आलेल्या उग्र दर्पाने तो थबकला, म्हणून निभावले. त्या दिवशी घरात कुणास घास गिळवला नाही. चूक दुकानदाराची खरी. पण तितकीच आमची. सुट्या औषधास नाव नसते, प्रमाण नसते, मुदत नसते. आणि प्रसंग ओढवलाच तर डॉक्टरांपुढे धरावयास वेष्टनावरची चिठ्ठीही नसते.

ही चिठ्ठी वाचावयास शिकणे अगत्याचे आहे. १९६८चा कीटकनाशक कायदा आणि १९७१चे नियम यांनुसार प्रत्येक डब्यावर एक तिरपा चौकोन असतो. त्याच्या खालच्या त्रिकोणाचा रंग लाल असल्यास औषध अतिजहाल, पिवळा असल्यास त्याखालोखाल, निळा म्हणजे मध्यम व हिरवा म्हणजे सौम्य. लाल आणि पिवळा रंग घरच्या बागेच्या फाटकातून आत येऊच देऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. जुन्या डब्यांविषयीही सावध असावे. गुलाबांवर भुरभुरली जाणारी कार्बारिलची पूड कित्येकांच्या माळ्यावर अजून पडून असेल. तिच्यावर २०१८ साली आपल्या देशात बंदी आली. १९८४च्या त्या काळरात्री भोपाळात जो वायू सुटला, तो हेच औषध बनविण्यासाठी साठविलेला होता, हे आपल्या प्रांतातील वाचकांना तरी विसरता येऊ नये.

शिवाय आपली परसबाग म्हणजे काही कापसाचे शेत नव्हे. येथली जास्वंद देवास जाते, तुळशीचे पान तीर्थातून पोटात जाते, कढीलिंब फोडणीत पडतो. तुळस, दूर्वा आणि कढीलिंब यांवर रासायनिक औषध मारूच नये. शेजारच्या कुंडीवर मारावयाचे असल्यास या कुंड्या आधी दूर उचलून ठेवाव्यात.

आता उपायांकडे वळू. माव्यास पुष्कळदा पाण्याची जोरदार धारच पुरते. दोन-तीन दिवस सकाळी ती पानांच्या खालून मारावी. पिठ्या ढेकणाचे पुंजके ओल्या फडक्याने पुसावेत, फार माखलेला शेंडा कापून पिशवीत बांधून टाकावा. बुंध्यावर चढणाऱ्या मुंग्यांकडेही लक्ष द्यावे, कारण ढेकणांच्या गोड स्रावासाठी त्या त्यांची राखण करतात. एवढ्याने न भागल्यास लिटरभर पाण्यात ५ मिलिलिटर निंबोळीचे तेल, साबणाच्या थोड्या द्रावणात नीट फेटून, सायंकाळी फवारावे. उन्हात निंबोळीचा गुण लवकर उडतो. प्रथम चार पानांवर मारून दुसऱ्या दिवशी पाने करपत नाहीत ना, हे पाहावे. आठवड्याने पुन्हा फवारावे. एका फवाऱ्यात कीड नाहीशी होईल ही आशा मात्र ठेवू नये.

इतके करूनही रासायनिक औषध लागलेच, तर चिठ्ठीवरचे प्रमाण थेंबभरही वाढवू नये. ‘थोडे जास्त घातले तर लवकर मरेल’ हा हिशेब फोडणीच्या मिरचीलाही लागू पडत नाही! मोजमापाचा चमचा व बादली स्वयंपाकघरात परत नेऊ नये. वारा पडलेला असताना, मधमाश्या परतल्यावर, पूर्ण बाह्यांचे कपडे, हातमोजे व नाकातोंडावर आच्छादन घेऊनच फवारावे. विष त्वचेतूनही शरीरात शिरते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. फवारणीनंतर स्नान करावे, ते कपडे वेगळे धुवावेत. भाज्यांवर मारले असल्यास चिठ्ठीवर दिलेले दिवस भरेपर्यंत तोडणी करू नये. उरलेले द्रावण विहिरीजवळ वा मोरीत ओतू नये.

फवारल्यानंतर घाम फुटणे, तोंडास पाणी सुटणे, मळमळ, श्वास लागणे यांपैकी काही दिसल्यास घरगुती उपायांत वेळ न दवडता डबा बरोबर घेऊन रुग्णालय गाठावे. पोटात गेले असल्यास डॉक्टरांनी सांगितल्याखेरीज वांती करवू नये.

राहिले तिसरे पत्र. त्या भगिनीच्या लिंबाच्या रोपावर ‘चिमणीच्या विष्ठेसारखे काहीतरी’ दिसते आणि पाने कुरतडली जातात. ती फुलपाखराची अळी होय. तिच्यासाठी औषध आणण्याचे कारण नाही. सकाळी पाने उलटून पाहावीत, अळ्या काडीने उचलाव्यात. झाड मोठे असेल, तर एकदोन तशाच राहू द्याव्यात.