खालच्या वस्तीची किंमत

पावसाळा लागला की बडोद्याच्या रावपुऱ्यात दोन आकडे सगळ्यांच्या तोंडी असतात. काळ्या घोड्याच्या पुलाशी विश्वामित्री नदी किती फुटांवर आली आणि आजव्याचा तलाव किती भरला. नदीला सव्वीस फुटांची धोक्याची खूण आहे. 2024 च्या ऑगस्टअखेरीस नदी ती खूण ओलांडून कितीतरी वर गेली, शहराच्या मोठ्या भागात माणसे दिवस दिवस घरांत अडकली, मगरी सोसायट्यांच्या फाटकांत आल्या. अशा रात्री दांडिया बाजारातल्या कुठल्या तरी जिन्यावर कुणीतरी हटकून विचारतो, ‘आजवा फुटला की काय हो?’ त्या प्रश्नातली भीती खरी असते. पण हाच माणूस फाल्गुनात, बांध कोरडा असताना, आजव्याच्या भरावावरून शेवटचे कोण चालून गेले आणि त्याने काय लिहून ठेवले, हे विचारत नाही. मीही कित्येक वर्षे विचारले नाही. या लेखात मी ज्या समाजावर आरोप ठेवतो आहे, त्यात रावपुऱ्याचे आम्ही पांढरपेशे मराठी लोक पहिल्या ओळीत उभे आहोत.

आजव्याचे सरोवर महाराजा सयाजीरावांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बांधवले. शहरापासून सुमारे वीस किलोमीटरवर सूर्या नदीचे पाणी मातीच्या लांबलचक बांधाने अडवले आणि ते नळाने बडोद्यात आणले. बडोद्याच्या जुन्या कारभारात राजवाड्याच्या स्वतःच्या खात्याला ‘खानगी’ म्हणत. आजवा खानगी हौसेसाठी बांधलेला नव्हता, रयतेच्या घागरीसाठी होता. ते पाणी आजही शहर पिते. धन्याने खालच्या माणसांची जबाबदारी घेऊन बांधलेले मातीचे धरण कसे असते, ते बडोदेकराला दुसरीकडे शोधावे लागत नाही.

मातीचे धरण हे जिवंत काम आहे. त्यातून पाणी थोडे झिरपतेच. झिरपणारे पाणी नितळ असले तर फारसे भय नाही, पण ते गढूळ येऊ लागले की समजावे, पाणी एकटे येत नाही, बांधाची माती बरोबर घेऊन येते आहे. आत पोकळ नळी तयार होत असते. भरावावर झाड वाढू दिले, ते वठले आणि मुळे कुजली की पाण्याला आयती वाट मिळते. उंदीर-घुशींच्या बिळांचेही तेच. आणि सांडवा बुजला किंवा कुणी तो बुजवला, तर पाणी बांधाच्या माथ्यावरून वाहू लागते. दगडी बांध असे पाणी काही काळ सोसतो. माती सोसत नाही, ती काही तासांत कापली जाते. यातली प्रत्येक गोष्ट डोळ्यांना दिसते. ती पाहायला मोठी विद्या लागत नाही, पावसाच्या आधी आणि नंतर बांधावरून पायी चालणारा माणूस लागतो आणि तो जे सांगेल ते ऐकणारा वरिष्ठ लागतो.

आता धोक्याच्या श्रेणीकडे येऊ, कारण सगळा घोळ तिथेच आहे. धरणाला ‘कमी धोक्याचे’ म्हटले की ऐकणाऱ्याला वाटते, बांध भक्कम आहे. त्या शब्दांचा अर्थ तो नाही. धरण फुटलेच तर खाली किती नुकसान होईल, एवढेच ती श्रेणी सांगते. बांध पोखरलेला असेल, पण खाली माळरान असेल तर धोका कमी. बांध उत्तम असेल, पण खाली शहर असेल तर धोका जास्त. धरण जागचे हलत नाही आणि तरी त्याचा धोका वाढतो, कारण आपण खाली घरे बांधत जातो. विश्वामित्रीच्या कोतरांत, म्हणजे घळींत, भराव टाकून आम्ही घरे बांधली, तेव्हा आजव्याचा एक दगडही न हलवता आम्ही त्याचा धोका वाढवला.

हवाई बेटांपैकी कवाई नावाच्या बेटावर का लोको नावाचा मातीचा बांध होता. 1890 साली उसाच्या मळ्यासाठी बांधलेला, पुढे एका खासगी मालकाकडे गेलेला. सरकारी दप्तरात त्याची श्रेणी ‘कमी धोका’. धोका कमी म्हणून सरकारी तपासनीस तिकडे फिरकले नाहीत आणि सांडवा बुजवला गेला तोही त्यांनी पाहिला नाही. दरम्यान खाली माणसे राहू लागली होती. 14 मार्च 2006 च्या पहाटे बांध गेला आणि सात जण मेले, त्यात एक गर्भवती होती. त्या दप्तरातला ‘कमी’ हा शब्द या सात जणांची मोजणी न करता लिहिलेला होता.

त्याहून जुनी आणि भयंकर गोष्ट अमेरिकेतल्या जॉन्सटाउनची. वरच्या डोंगरात एक मातीचे धरण होते, मूळ सरकारी कालव्यासाठी बांधलेले. पुढे ते विकले गेले. मधल्या एका मालकाने पाणी सोडण्याचे लोखंडी नळ काढून भंगारात विकले. मग पिट्सबर्गच्या धनिकांच्या मासेमारी क्लबाने ते घेतले, अँड्र्यू कार्नेगी आणि हेन्री फ्रिक हे त्याचे सभासद. बग्ग्या जाव्यात म्हणून माथा खाली केला. तळ्यातले मासे निसटू नयेत म्हणून सांडव्याच्या तोंडाला जाळ्या लावल्या. खालच्या पोलाद कारखान्याने इंजिनियर पाठवून धरण तपासले, दोष लिहून कळवले. क्लबाकडून उत्तर आले की तुम्हाला काही धोका नाही. 31 मे 1889 ला पाऊस कोसळला, जाळ्या कचऱ्याने तुंबल्या, पाणी माथ्यावरून वाहिले आणि खालच्या गावात 2,209 माणसे मेली. न्यायालयात क्लबावर दमडीची जबाबदारी आली नाही, ती देवाची करणी ठरली. कार्नेगीने नंतर त्या गावाला वाचनालय बांधून दिले.

त्या वाचनालयापाशी मी दर वेळी थांबतो, कारण ही रीत आपल्या ओळखीची आहे. जबाबदारी टाळायची आणि दान द्यायचे. बांधाच्या दुरुस्तीचा हिशेब मागितला तर पैसा नाही, पण दुर्घटनेनंतर मदतनिधी, शोकसभा, मेणबत्त्या, सगळे तत्परतेने उभे राहते. मेलेल्यांना मदत देण्यात पुण्य वाटते. जिवंत असताना त्यांच्या डोक्यावरचा बांध पाहायला जाण्यात कुणाला पुण्य वाटत नाही.

आणि देवाची करणी म्हणणारे परदेशातच असतात असे नाही. रत्नागिरी जिल्ह्यात चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण 2 जुलै 2019 च्या रात्री फुटले. खालची भेंदवाडी वाहून गेली, वीसच्या वर माणसे गेली. धरण सरकारचे होते आणि गळती लागल्याची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती. त्यानंतर राज्याच्या मंत्र्यांनी कारण दिले, खेकड्यांनी भराव पोखरला. खेकडे बांध पोखरतात हे खरेही असेल. म्हणूनच तर बांधावरून माणसाने चालायचे असते! खेकड्याला दोष देणे म्हणजे पहारेकऱ्याने चोराकडे बोट दाखवून आपला पगार घेणे आहे. गुजरातेतल्या मच्छू-2 धरणाचे मातीचे भराव 11 ऑगस्ट 1979 ला गेले, मोरबीत हजारो माणसे मेली, आणि चौकशी आयोगाचे काम पुरे होण्याआधीच सरकारने तो आयोग गुंडाळला. पानशेत धरण फुटले ते 12 जुलै 1961 ला. पुण्याच्या नदीकाठच्या पेठांतल्या म्हाताऱ्या माणसांना ती तारीख अजून सांगावी लागत नाही.

कायदा आता आहे. 2021 चा धरण सुरक्षा कायदा मालक सरकारी की खासगी हा भेद करत नाही, पावसाळ्यापूर्वी आणि नंतर तपासणी सक्तीची करतो. पण तो लागू होतो पंधरा मीटरहून उंच धरणांना, आणि दहा ते पंधरा मीटरमधल्या काहींना, म्हणजे लांबी पाचशे मीटरची, साठा दहा लाख घनमीटरचा असे काही निकष असतील तरच. त्याखालचे सारे बांध, गावतळी, फार्महाउसमागे नाला अडवून केलेली तळी, रिसॉर्टच्या नौकाविहाराची तळी, या चाळणीतून खाली पडतात. त्यांच्या मालकाला श्रेणीच नाही, मग ती बिघडणार कुठून?

‘माझी जमीन, माझा बांध’ असे हा मालक म्हणतो आणि आपण ते मान्य करतो. जमीन त्याची असेल. पण बांधामागे दाबून धरलेले पाणी त्याचे एकट्याचे नाही, कारण सुटले की ते त्याच्या अंगणात थांबणार नाही. ते उतारावरच्या घरांत शिरेल. आणि उतारावर कोण राहते, हे या देशात कुणाला सांगायला नको. चांगली, उंच, कोरडी जागा ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या मिळाली नाही, ते. नाल्याकाठी झोपडी घालणाऱ्याला आपण अतिक्रमण करणारा म्हणतो. त्याच्या वर नाला अडवून शनिवार-रविवारच्या पाहुण्यांसाठी तळे करणाऱ्याला उद्योजक म्हणतो, त्याच्या उद्घाटनाला जातो, जलपूजनाचा नारळ त्याच्या हाती देतो. हा निवाडा कुठल्या इंजिनियरने केलेला नाही. तो आपण केला आहे, लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या बैठकीत, मत देताना. ‘कमी धोका’ या शब्दाचा आपल्या मनातला खरा अर्थ ‘आपल्यातले कुणी खाली राहत नाही’ असा आहे, आणि तो उच्चारायची आपल्याला लाज वाटायला हवी.

तिवऱ्याच्या गावकऱ्यांना श्रेणी ठाऊक नव्हती, पण गळती त्यांनी पाहिली आणि सांगितली. भरावावर गुरे नेणाऱ्याला, खाली कपडे धुणाऱ्या बाईला पाणी गढूळ झाल्याचे सर्वांत आधी कळते. तिचे सांगणे लिहून घ्यायला आपल्याकडे कोणती वही आहे? कोणत्या कचेरीत ती ठेवलेली असते?

येत्या फाल्गुनात मी माहितीच्या अधिकाराखाली महापालिकेत अर्ज देणार आहे, गुजरातीत, म्हणजे भाषेचे निमित्त व्हायला नको. आजव्याच्या बांधाची शेवटची तपासणी कधी झाली, बांधावरून कोण चालले, त्याने कोणते दोष लिहिले आणि त्यांपैकी किती दुरुस्त झाले. सोबत दुसरा अर्ज जिल्हा कचेरीत, विश्वामित्रीच्या वरच्या अंगाला खासगी मालकीचे किती बांध आहेत आणि त्यांच्या खाली किती घरे आहेत, याचा. रावपुऱ्याच्या टॉवरपासून पोस्टापर्यंत माझ्या ओळखीच्या प्रत्येक दारी मी त्यावर सही मागायला येईन.