ॲझीची पट्टी आणि नळीतला जिवाणू

भिंगारमध्ये कोरोनाचा विषय निघाला, की अजूनही कोणीतरी ठासून सांगतंच : ‘व्हायरस-बियरस काही नव्हतं. माणसं गेली ती जंतूंनी. घरीच ॲझीची पट्टी घेतली असती, तर वाचली असती.’ २०२० साली इटलीतल्या शवविच्छेदनाच्या नावाने मोबाईलवर फिरलेल्या एका खोट्या निरोपाची ही शेपूट आहे.

या लोकांच्या बाजूने एक गोष्ट आहे. १९१८ च्या मानमोडीच्या साथीत बहुतेक बळी फ्लूमागून आलेल्या जिवाणूंच्या न्यूमोनियाने घेतले. पण तेच गणित कोरोनाला लावता येत नाही. ब्रिटनमधल्या ‘रिकव्हरी’ चाचणीत दाखल असलेल्या ७,७६३ रुग्णांवर ॲझी, म्हणजे ॲझिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक, तपासलं गेलं. मृत्यू कमी झाले नाहीत. त्याच चाचणीत दाह आवरणाऱ्या डेक्सामेथासोनने मात्र व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटवले. फुफ्फुसं कशाने भरत होती, ते यावरून कळावं. दुसऱ्या लाटेत सीटी स्कॅनचा पंचविसापैकी ‘स्कोअर किती?’ हे दहावीच्या मार्कांसारखं विचारलं जाई. त्या स्कोअरवरूनही जिवाणू आहे की नाही, ते कळत नसे.

मग जिवाणू निर्दोष? मुळीच नाही. आयसीएमआरने २०२० च्या जून ते ऑगस्टमध्ये दहा रुग्णालयांतले १७,५३४ रुग्ण पाहिले. दुसरा संसर्ग झाला फक्त ३.६ टक्क्यांना, पण त्यांतले ५६.७ टक्के दगावले. एकूण रुग्णांत मृत्यूचं प्रमाण १०.६ टक्के होतं. सापडले ते मुख्यतः क्लेबसिएला आणि ॲसिनेटोबॅक्टर, रुग्णालयात मुरलेले जंतू. ॲझीची पट्टी त्यांच्यापुढे कुचकामी.

‘म्हणजे दवाखान्यानेच मारलं ना?’ हेही अर्धंच खरं. विषाणूने फुफ्फुसं निकामी केली, म्हणून घशात व्हेंटिलेटरची नळी गेली. नळी असली की खोकून कफ बाहेर टाकता येत नाही. तोंडातली लाळ नळीच्या फुग्यावर साचते आणि कडेने खाली झिरपते. म्हणून डोक्याकडची बाजू उंच ठेवणं, तोंड साफ करणं, नर्सने दर रुग्णामागे हात धुणं, या कंटाळवाण्या कामांवर जीव अवलंबून असतो. त्यासाठी माणसं पुरेशी हवीत. ती त्या दिवसांत नव्हती.

उरला आक्षेप वेळेचा : जंतू ओळखूनच औषध द्यायचं, तर कल्चरचा रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस लागतात, तोवर रुग्णाने काय करायचं? अत्यवस्थ रुग्णाला ताटकळत ठेवा, असं कोणीच म्हणत नाही. नळीतला स्राव आधी प्रयोगशाळेत पाठवावा, लगेच औषध सुरू करावं आणि रिपोर्ट आला की ते बदलावं किंवा थांबवावं.