वेळेचेही वजनमाप हवे

१९०६ मध्ये भारतीय प्रमाणवेळ अमलात आली, तरी तिच्याहून ३९ मिनिटे मागे असलेली आपली स्थानिक वेळ मुंबईने त्यानंतर अनेक दशके सोडली नाही. त्या फरकामुळे फार तर गाडी चुकत असे. आज संगणकांच्या जाळ्यात सेकंदाच्या सहस्रांशाचा फरकही एखाद्याचा हक्क डावलू शकतो. शेअर बाजारात दोघांनी एकाच भावाने मागणी नोंदविली, तर ज्याची नोंद आधी त्याचा क्रम आधी. खात्यातून पैसे लांबविले गेले, तर बँक व टेलिफोन कंपनी यांच्या नोंदी ताडूनच गुन्ह्याचा माग काढावा लागतो. दोघांची घड्याळेच जुळत नसतील, तर त्या पुराव्याची किंमत काय?

संगणकातील साधे क्वार्ट्झ घड्याळ दिवसाकाठी सेकंदभर सहज पुढेमागे होते. त्यावर अमेरिकेतील डेव्हिड मिल्स यांनी १९८० च्या दशकात काढलेला तोडगा आजही जगभर रूढ आहे. संगणक अधिक अचूक घड्याळाला वेळ विचारतो आणि प्रश्नोत्तराच्या जाण्यायेण्यात गेलेल्या वेळेचा निम्मा भाग हिशेबात धरून आपली चूक सुधारतो. तंत्र सोपे आहे, जवळजवळ फुकट आहे. खरा प्रश्न वेळ विचारायची कोणाला, हा आहे.

दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत अणुघड्याळे आहेत; तरीही अनेक यंत्रणा अमेरिकेच्या जीपीएस उपग्रहांवर विसंबतात. एप्रिल २०२२ मध्ये ‘सर्ट-इन’ने देशी स्रोताशी घड्याळे जुळविण्याचा आदेश काढला. जानेवारी २०२५ मध्ये केंद्र सरकारने प्रमाणवेळ बंधनकारक करणाऱ्या नियमांचा मसुदा प्रसिद्ध केला. दिशा योग्यच आहे. परंतु केवळ आदेशाने घड्याळे जुळत नाहीत. घड्याळ बिनचूक ठेवण्याचा खर्च एकाचा आणि लाभ सर्वांचा, अशी ही सार्वजनिक वस्तू आहे. अशी वस्तू बाजार आपणहून पुरवीत नाही, हा अर्थशास्त्राचा जुना धडा आहे. म्हणून खात्रीचा, विनामूल्य व कधीही न खंडणारा स्रोत पुरविणे हे शासनाचेच काम ठरते. एखाद्या लहान पतपेढीला तो सहज मिळाला नाही, तर नियम कागदावरच राहील.

हा मसुदा ज्या वैधमापन कायद्याखाली निघाला, त्याच कायद्याने वाण्याच्या तराजूवर पडताळणीचा शिक्का बसतो. मापात मारलेले धान्य निदान डोळ्यांना दिसते. मापात मारलेला क्षण दिसत नाही. त्याची पडताळणी कोण करणार, याचे उत्तर नियमांबरोबरच मिळाले पाहिजे.