भाकरीची लाज कशाला?

सकाळी चहाबरोबर खारी, टोस्ट नाहीतर बिस्किटे. दुपारी डब्यात भात, संध्याकाळी वडापाव, रात्री पुन्हा भात. आपल्या वस्त्यांतल्या कितीतरी घरांचा दिवस असाच जातो. आणि याच वस्त्यांत चाळिशीच्या आत शुगरच्या गोळ्या सुरू झालेली माणसे आता नवलाची राहिलेली नाहीत.

भाकरी आपल्या घरातून सुटली ती केवळ आळसाने नाही. गावकीच्या कामाच्या बदल्यात दारोदार हिंडून आणलेली शिळी भाकरी आपल्या पणज्यांनी खाल्ली. १९७२ च्या दुष्काळात परदेशातून आलेली तांबडी मिलो खाल्ली. शहरात आल्यावर पांढरा भात रोज ताटात आला, तेव्हा त्यात मान वाटला. त्या मानाला आम्ही हसणार नाही. पण मैद्याच्या पावात कसला आलाय मान? ज्या ज्वारीवरून आपल्याला हिणवले गेले, तीच ज्वारी आज ‘मिलेट’ म्हणून मॉलमध्ये चढ्या भावाने विकली जाते.

दाण्याला बाहेरून कोंडा असतो, एका टोकाला अंकुर असतो. तांदूळ पॉलिश करताना, मैदा काढताना हे दोन्ही जवळजवळ निघून जातात आणि उरतो नुसता पिठूळ भाग. पोटात त्याची साखर लवकर होते, रक्तात झपाट्याने चढते. कोंड्यातला चोथा ही चढण सावकाश करतो. शिवाय पोट भरल्यासारखे वाटते.

मात्र नुसते धान्य बदलून भागत नाही, हेही सांगितले पाहिजे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या मोठ्या पाहणीत २०२३ साली देशात १० कोटींहून जास्त मधुमेही असल्याचे दिसले. त्याच पाहणीतून २०२५ मध्ये आणखी एक गोष्ट पुढे आली. भाताच्या जागी तेवढ्याच गव्हाच्या किंवा ज्वारी-बाजरीच्या पिठाचे खाल्ले, तर धोका फारसा कमी होत नाही. भात-पोळी-भाकरी सगळे मिळून थोडे कमी करून डाळ, दही-दूध वाढवले, तर होतो. म्हणजे चार भाकऱ्या आणि लाल चटणी हा इलाज नव्हे. दीड-दोन भाकऱ्या, वाटीभर घट्ट डाळ किंवा मटकीची उसळ, वर पालेभाजी. भात अगदी सोडायला नको, मूठभर असू द्या.

पैशाचा प्रश्न खरा आहे. रेशनचा तांदूळ-गहू जानेवारी २०२३ पासून फुकट मिळतो, ज्वारी मात्र बाजारातून विकत आणावी लागते. म्हणून सुरुवात घरच्या गव्हापासून करा. रेशनचा गहू विकून पाव आणू नका. पाच किलोला एक किलो हरभरा घालून गिरणीतून दळून आणा आणि पीठ चाळून कोंडा फेकू नका. पोळी जरा जाडसर होईल, पोरे आठवडाभर कुरकुरतील. ब्राऊन ब्रेडच्या नादी लागू नका, त्यात पुष्कळदा मैदाच जास्त असतो.

आणि रेशन दुकानात ज्वारी मागा. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात तांदूळ-गव्हाबरोबर भरडधान्यही लिहिलेले आहे. महिला मंडळांनी तालुक्याच्या पुरवठा निरीक्षकाकडे लेखी अर्ज द्यावा, पोच घ्यावी.

ज्यांना गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे, त्यांनी जेवण बदलताना डॉक्टरांना सांगावे. गोळी आपल्या मनाने बंद करू नये.