मत बुवापाड्याचे, नियम मंत्रालयाचे

अंबरनाथच्या बुवापाड्यातील मतदाराने नगरपालिकेसाठी एप्रिल २०१५ मध्ये मत दिले. त्यानंतरचे मत देण्याची संधी त्याला मिळाली ती २० डिसेंबर २०२५ रोजी. पहिल्या मतदानाच्या दिवशी आईचे बोट धरून केंद्रापर्यंत आलेला आठ वर्षांचा मुलगा दुसऱ्या मतदानाच्या वेळी स्वतःच मतदार झाला होता. राज्यघटनेचा २४३-यू हा अनुच्छेद सांगतो की नगरपालिकेची मुदत पाच वर्षांची, त्याहून अधिक नाही, आणि ती संपण्यापूर्वी नवी निवडणूक पूर्ण झाली पाहिजे. अंबरनाथ आणि कुळगाव-बदलापूर या दोन्ही नगरपालिकांची मुदत मे २०२० मध्ये संपली. त्यानंतर साडेपाच वर्षे या दोन शहरांचा कारभार एकाही निवडलेल्या प्रतिनिधीविना चालला. २०११ च्या जनगणनेनुसार अंबरनाथची वस्ती अडीच लाखांवर आणि बदलापूरची पावणेदोन लाखांच्या आसपास होती. एवढ्या माणसांच्या पाण्याचा, गटाराचा आणि रस्त्याचा निर्णय करणारा प्रशासक मंत्रालयाला उत्तरदायी होता; ज्यांच्या दारात गटार तुंबत होते त्यांना नव्हे.

हे सारे करोनाच्या साथीमुळे घडले असे सांगितले जाते. साथीने निवडणूक पुढे गेली हे खरे, आणि त्याबद्दल कोणी तक्रार करणार नाही. परंतु साथ ओसरली आणि निवडणूक मात्र आली नाही. मे २०२४ मध्ये याच वस्त्यांतील मतदारांनी लोकसभेसाठी मत दिले, नोव्हेंबर २०२४ मध्ये विधानसभेसाठी दिले. यादी होती, केंद्रे होती, यंत्रे होती, कर्मचारी होते. खासदार आणि आमदार निवडण्यास जी माणसे पात्र ठरली तीच नगरसेवक निवडण्यास अपात्र का ठरावी, याचे उत्तर साथीत नाही. ते सत्तेच्या सोयीत आहे.

या सोयीचा इतिहास कोणा एका पक्षाचा नाही, हे कार्यकर्त्यांनी प्रथम लक्षात घ्यावे. महाराष्ट्रातील नगरपालिकांचा कायदा १९६५ चा. त्यात नगराध्यक्ष कोणी निवडावा या साध्या प्रश्नाचे उत्तर सहा वर्षांत तीनदा बदलले. २०१६ मध्ये फडणवीस सरकारने थेट जनतेतून निवड आणली. २०२० मध्ये ठाकरे सरकारने ती रद्द करून निवडीचा अधिकार नगरसेवकांकडे दिला. २०२२ मध्ये शिंदे सरकारने पुन्हा थेट निवड आणली. प्रत्येक वेळी लोकशाहीचीच ग्वाही देण्यात आली. थेट निवड हीच खरी लोकशाही, असे एकाने सांगितले. सामूहिक जबाबदारी हीच खरी लोकशाही, असे दुसऱ्याने. दोन्ही युक्तिवादांत तथ्य आहे, आणि म्हणूनच ते वापरायला सोपे आहेत. जो पक्ष ज्या पद्धतीने जिंकण्याची आशा बाळगतो, ती पद्धत त्याला तत्त्व म्हणून सुचते.

प्रभागांची कथा याहून उघडी आहे. मुंबई वगळता राज्यातील महापालिकांत २००२ मध्ये एका प्रभागातून तीन सदस्य निवडले गेले, २००७ मध्ये एक, २०१२ मध्ये दोन, २०१७ मध्ये चार. पुढे २०१९ च्या अखेरीस एकसदस्य पद्धत ठरली, २०२१ मध्ये तीन सदस्यांची आणि २०२२ मध्ये फिरून चारांची. उल्हासनगरच्या मतदाराने जानेवारी २०२६ मध्ये चार-चार सदस्यांच्या प्रभागांत मत दिले. शेजारच्या अंबरनाथमध्ये प्रभाग दोन सदस्यांचे. मुंबईत मात्र एका प्रभागाला एकच नगरसेवक, आणि त्याला हात लावण्याची गरज कोणालाही वाटत नाही. मुंबईकराला आपला नगरसेवक कोण हे नेमके ठाऊक असावे आणि उल्हासनगरच्या चाळीतील बाईने नळ कोरडा पडला की चौघांच्या दारांवर फिरावे, यामागे कोणते तत्त्व आहे? जबाबदारी चौघांत वाटली की ती कोणाचीच राहत नाही. आणि प्रभाग जितका मोठा, तितका पैसेवाला उमेदवार पुढे जातो आणि वस्तीतला कार्यकर्ता मागे पडतो. मोठा प्रभाग पायी फिरून जिंकता येत नाही. त्याला गाड्या, फलक आणि पगारी माणसे लागतात.

राज्य निवडणूक आयोग महाराष्ट्रात १९९४ मध्ये स्थापन झाला, तो या खेळाला आळा बसावा म्हणूनच. परंतु मार्च २०२२ मध्ये विधिमंडळाने कायदा दुरुस्त करून प्रभागरचनेचे अधिकार आयोगाकडून काढून सरकारकडे घेतले. एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे सत्ताधारी आणि विरोधक त्या दिवशी एकमताने हात वर करून बसले होते. या एकमताचे कारण इतर मागासवर्गीयांचे आरक्षण हे होते, असे सांगण्यात आले. हा मुद्दा समाजवाद्यांनी टाळून पुढे जाण्यासारखा नाही, कारण मागासवर्गीयांचा सत्तेतील वाटा हा त्यांच्या राजकारणाचा गाभा आहे.

म्हणून वस्तुस्थिती नीट तपासावी. स्थानिक संस्थांतील या आरक्षणासाठी मागासलेपणाची प्रत्यक्ष आकडेवारी हवी, असे सर्वोच्च न्यायालयाने कृष्णमूर्ती खटल्यात २०१० मध्येच सांगितले होते. ४ मार्च २०२१ रोजी विकास गवळी खटल्यात त्याच अटींची पूर्तता नाही म्हणून न्यायालयाने राज्यातील तरतुदीला लगाम घातला. मधली अकरा वर्षे सर्व रंगांची सरकारे आली आणि गेली. ती आकडेवारी कोणीही गोळा केली नाही. ज्यांनी अकरा वर्षे अभ्यास केला नाही त्यांनी परीक्षा पुढे ढकलण्याची मागणी केली, आणि मागासवर्गीयांचे नाव त्या मागणीच्या तोंडाला लावले. अखेर बांठिया आयोगाचा अहवाल आला, तो जुलै २०२२ मध्ये न्यायालयाने स्वीकारला, आणि पुढच्याच महिन्यात सारे प्रकरण ‘जैसे थे’ आदेशात अडकले. ६ मे २०२५ रोजी न्यायालयाने फर्मावले की निवडणुका घ्या, आणि आरक्षण बांठिया अहवालापूर्वीच्या स्थितीप्रमाणे ठेवा. म्हणजे पाच वर्षे निवडणूक रोखून जे मिळवायचे होते ते शेवटी जुन्याच तरतुदीने मिळाले! या पाच वर्षांत मागासवर्गीयांची नगरपालिकेतील एकही जागा राखली गेली नाही, कारण नगरपालिकेत जागाच नव्हत्या. आरक्षणाच्या नावाने आरक्षणासह सारे प्रतिनिधित्व गोठवण्याचा हा प्रकार होता. त्याची झळ लागली ती बुवापाड्यासारख्या कष्टकरी वस्त्यांना, जिथे मंत्रालयात ओळख असलेला माणूस मिळत नाही आणि नगरसेवक हाच सरकारचा एकमेव ओळखीचा चेहरा असतो.

इतक्या प्रतीक्षेनंतर आलेल्या निवडणुकीचे पुढे काय झाले, हे अंबरनाथने साऱ्या देशाला दाखवले. राज्यातील बहुतेक नगरपालिकांचे मतदान २ डिसेंबरला झाले. अंबरनाथचे उमेदवारी अर्जांवरील अपिलांच्या घोळामुळे २० डिसेंबरला गेले. निकाल लागला. थेट निवडीत नगराध्यक्षपद भारतीय जनता पक्षाकडे गेले, तर ५९ सदस्यांच्या सभागृहात सर्वाधिक २७ जागा शिंदे यांच्या शिवसेनेला मिळाल्या. भाजपला १४, काँग्रेसला १२, राष्ट्रवादी काँग्रेसला ४ आणि अपक्षांना २. राज्यात एकत्र सत्ता भोगणारे दोन पक्ष येथे एकमेकांविरुद्ध लढले होते. जानेवारी २०२६ उजाडला तो अंबरनाथ विकास आघाडी नावाचे नवे अपत्य घेऊन. शिवसेनेला सत्तेपासून दूर ठेवण्यासाठी भाजप, काँग्रेस आणि राष्ट्रवादी एका पंगतीस बसले. बोभाटा झाला तेव्हा काँग्रेसने आपले बाराही नगरसेवक निलंबित केले, आणि त्या निलंबितांनी भाजपमध्ये प्रवेश केला. मग राष्ट्रवादीचे चौघे कूस बदलून शिवसेनेकडे गेले आणि उपनगराध्यक्षपद घेऊन बसले. ज्या मतदाराने भाजपला विरोध म्हणून पंजावर बोट ठेवले होते, त्याचे मत महिनाभरात कमळाच्या खात्यावर जमा झाले. त्याला कोणी विचारले नाही, विचारण्याची कायद्यात सोयही नाही.

पक्षांतराला बंदी करणारा स्थानिक संस्थांसाठीचा कायदा महाराष्ट्रात १९८६ पासून आहे. मग हे घडते कसे? घडते, कारण त्याच कायद्याच्या शेजारी निवडणुकीनंतर आघाडी नोंदवण्याची वाट मोकळी ठेवलेली आहे. निकालानंतर महिनाभरात कोणीही कोणाशी जुळवून घ्यावे आणि त्या जुळणीला कायदेशीर आघाडी म्हणावे. मतदानापूर्वी जी आघाडी अस्तित्वात नव्हती, जिच्या नावावर एकही मत पडले नाही, तिचा आदेश पाळणे मग सदस्यावर बंधनकारक! या निकालोत्तर आघाड्यांचा तंटा उल्हासनगर महापालिकेतून थेट सर्वोच्च न्यायालयात पोहोचला होता, आणि त्याचा निकाल २०१२ मध्ये लागला. म्हणजे दुखणे जुने आहे आणि याच परिसरातले आहे. शिवाय नगरपालिकेतील अपात्रतेचा निवाडा जिल्हाधिकारी करतो. ज्या अधिकाऱ्याची बदली सरकारच्या हाती, त्याने सरकारमधील पक्षांच्या फाटाफुटीवर न्याय द्यावा, ही अपेक्षा त्याच्यावरही अन्याय करणारी आहे.

बदलापूरने जानेवारी २०२६ मध्येच दुसरी पायरी दाखवली. २०२४ च्या ज्या शाळेतील अत्याचार प्रकरणाने तेथील पालकांना रेल्वे रुळांवर उतरवले होते, त्यातील एका सहआरोपीची भाजपने नगरपालिकेवर स्वीकृत सदस्य म्हणून नेमणूक केली. गुन्हा शाबीत होणे वा न होणे हे न्यायालयाचे काम. पण जो मतदारांपुढे उभाच राहिला नाही त्याला मागील दाराने सभागृहात बसवणे हे पक्षाचे काम होते. लोक संतापले आणि त्याला लगेच राजीनामा द्यावा लागला. स्वीकृत सदस्यत्व ही तज्ज्ञांसाठी केलेली सोय होती. आज ती पडलेल्यांचे, रुसलेल्यांचे आणि उपकार फेडायच्या माणसांचे आसन झाली आहे.

यावर शहाणे लोक म्हणतील की त्रिशंकू सभागृहात तडजोड करावीच लागते, नाही तर शहराचा गाडा चालायचा कसा. हे म्हणणे पोकळ नाही. तडजोड हा लोकशाहीचा व्यवहार आहे. परंतु व्यवहाराला साक्षीदार लागतो, आणि नगरपालिकेच्या व्यवहाराचा साक्षीदार मतदार आहे. पाण्याच्या योजनेवर, घरपट्टीच्या दरावर, कचऱ्याच्या ठेक्यावर उघड कार्यक्रम ठरवून दोन पक्ष एकत्र आले तर त्यात लाजण्यासारखे काही नाही. अंबरनाथमध्ये कार्यक्रमावर चर्चा झाल्याचे कोणी ऐकले नाही. चर्चा झाली ती बेरजेवर.

डॉ. राममनोहर लोहियांनी चौखंबा राज्याची कल्पना मांडली, तेव्हा गाव, जिल्हा, प्रांत आणि केंद्र हे चारही खांब स्वतःच्या पायावर उभे असावेत असा त्यांचा आग्रह होता. जयप्रकाशांनी १९७४ मध्ये निवडणूक सुधारणांसाठी न्या. तारकुंडे यांची समिती नेमली आणि प्रतिनिधीला परत बोलावण्याच्या हक्काचा प्रश्न आंदोलनाच्या व्यासपीठावर आणला. १९९२ च्या घटनादुरुस्तीने खालच्या खांबाला घटनेचा आधार मिळाला; पण त्याची उंची, जाडी आणि जागा ठरवण्याचे काम राज्याच्या विधिमंडळाकडेच राहिले, आणि विधिमंडळाने तो खांब आपल्या मंडपाच्या सोयीने हलवत ठेवला. अंबरनाथला हा अनुभव पूर्वीही आला होता. १९८३ मध्ये हे शहर आणि बदलापूर कल्याण महापालिकेत घातले गेले, १९९२ मध्ये पुन्हा बाहेर काढले गेले.

तेव्हा मागणी नेमकी असावी. नगरपालिका व महापालिका निवडणुकीच्या पद्धतीत केलेला कोणताही बदल लगेचच्या निवडणुकीला लागू होऊ नये; तो त्यापुढच्या निवडणुकीपासून लागू व्हावा, म्हणजे आजच्या सत्तेला उद्याचा फायदा मोजता येणार नाही. प्रभागरचना निवडणूक आयोगाकडे परत जावी. मुंबईला जो न्याय तोच उल्हासनगरला आणि अंबरनाथला, म्हणजे एक प्रभाग, एक सदस्य. प्रशासकाची मुदत सहा महिन्यांपलीकडे जाऊ नये. आघाडी करायची ती मतदानापूर्वी जाहीर करावी; निकालानंतर पक्ष सोडणाऱ्याने, तो एकटा असो वा जथ्याने, जागा सोडून पुन्हा मतदारांपुढे जावे. अपात्रतेचा निवाडा सरकारी अधिकाऱ्याऐवजी न्यायिक अधिकाऱ्याकडे द्यावा. आणि थेट निवडलेल्या नगराध्यक्षाला परत बोलावण्याचा हक्क ज्यांनी निवडले त्यांनाच मिळावा. हे अशक्य म्हणणाऱ्यांनी मध्य प्रदेशाकडे पाहावे. तेथे २००० साली अनुपपूरच्या नगराध्यक्षांना मतदारांनी मतपेटीच्याच मार्गाने पायउतार केले होते.

हे कायदे होईपर्यंत कार्यकर्त्यांनी स्वस्थ बसण्याचे कारण नाही. नागरी क्षेत्रसभांची तरतूद महाराष्ट्राच्या कायद्यात २००९ पासून आहे. वस्तीतील मतदारांनी एकत्र बसावे, आपल्या भागातील कामांची यादी करावी आणि नगरसेवकाने तिला उत्तर द्यावे, एवढा साधा तिचा अर्थ आहे. एकाही मोठ्या पक्षाला ती नको आहे, यातच तिची किंमत कळते. बुवापाड्यात अशी सभा भरवण्याची लेखी मागणी तेथील मतदारांच्या सह्यांनिशी नगरपालिकेकडे जावी. सभेत प्रत्येक नगरसेवकाला दोनच प्रश्न विचारावेत: निवडून आलात तेव्हा कोणत्या पक्षात होता आणि आज कोणत्या आहात? आणि हे बदलताना या वस्तीतील कोणाला विचारले होते? उत्तर काय मिळेल ते ठाऊक आहे. परंतु ते त्यांनी वस्तीसमोर उभे राहून द्यावे.