यवन की भागवत?

ग्रीकांच्या दूरदूरच्या वसाहतींबद्दल वाचताना दोन कंपू हमखास भेटतात. एक म्हणतो, "ग्रीक जातील तिथे आपली संस्कृती घेऊन गेले." दुसरा म्हणतो, "छे, ते तिथलेच होऊन गेले." मला दोन्ही पटत नाहीत.

आय खानूमचंच बघा. ईशान्य अफगाणिस्तान, आमू दर्याचा काठ. १९६४ ते १९७८ या काळात फ्रेंच पुरातत्त्वज्ञांनी इथे खोदलं, तर काय सापडावं? नाट्यगृह, भलीमोठी व्यायामशाळा आणि एका समाधीपाशी चक्क डेल्फीची नीतिवचनं! क्लिआर्कोस नावाच्या गृहस्थाने ती डेल्फीत नीट उतरवून घेतली आणि इथे आणून लावली, असं तिथलाच शिलालेख सांगतो. पहिला कंपू खूश :)

पण थांबा. याच शहरातलं मुख्य देऊळ मेसोपोटेमियाच्या धर्तीचं आहे, आणि त्यात सापडलाय ग्रीक घडणीच्या मूर्तीचा पाय. राजवाड्याच्या खजिन्यातल्या नोंदी ग्रीक भाषेत, पण त्यातल्या काही अधिकाऱ्यांची नावं इराणी!

"म्हणजे शेवटी विरघळलेच ना?" इति दुसरा कंपू. त्यांचा लाडका पुरावा म्हणजे विदिशाचा हेलिओडोरस. तक्षशिलेहून अंतलिकित राजाचा वकील म्हणून आला आणि इ.स.पू. दुसऱ्या शतकाच्या शेवटी त्याने वासुदेवासाठी गरुडस्तंभ उभारला. लेख ब्राह्मी लिपीत, भाषा प्राकृत. अहो, पण तो लेख पूर्ण वाचा की! तो स्वतःला भागवत म्हणवतो, आणि तिथेच यवन दूतही म्हणवतो. बापाचं दियोन हे ग्रीक नावही ठणकावून सांगतो. त्याला यात काही अडचण वाटली नाही, मग आपल्यालाच का वाटावी?

आपल्या कार्ल्याच्या चैत्यगृहातही धेनुकाकटाच्या यवनांनी दिलेले खांब आहेत. ते सगळे मुळात ग्रीकच होते का, यावर वाद आहे. पण सिंहध्वजासारखी इथली नावं घेऊन, बौद्ध लेण्याला दान देऊनही त्यांनी 'यवन' हा शब्द आवर्जून कोरून घेतला.

आपण मात्र दोन हजार वर्षांनंतर त्यांच्यापुढे फॉर्म धरतो: एकच पर्याय निवडा. साहेब, ओळख म्हणजे रेडिओ बटण नव्हे, चेकबॉक्स आहे. हव्या तितक्या खुणा करा. आणि 'शुद्ध ग्रीक' नावाचा चौकोन तर त्या फॉर्मवर कधी नव्हताच!

असो. पुढच्या वेळी लोणावळ्याला भजी खायला जाल, तेव्हा वाट वाकडी करून कार्ल्याचे ते खांब बघून या.