बाईच्या माघारी बाईचं

मैत्रिणींनो, आज जरा नकोसा वाटणारा विषय काढतेय. मृत्युपत्राचा. शब्द ऐकूनच आपण "शुभ बोल गं नारी" म्हणतो आणि विषय बदलतो. पण तो बदलल्यामुळे काय होतं, ते मी जवळून पाहिलंय.

आमच्या गल्लीत शिवणाचा क्लास चालवणाऱ्या एक बाई होत्या. लग्नानंतर चार-पाच वर्षांत नवरा गेला, मूलबाळ नाही. सासरच्यांनी पाठ फिरवली. बाईंनी मशीन घेतलं, क्लास काढला आणि स्वतःच्या कमाईतून दोन खोल्यांचं घर बांधलं. शेवटची सहा वर्षं त्यांची भाची त्यांच्याजवळ राहिली. दवाखाना, पथ्यपाणी, रात्रीची जागरणं सगळं तिनं केलं.

मी एकदा म्हटलं होतं, "बाई, घराचं काहीतरी लिहून ठेवा."

"अगं, पोरीचं नाव लावलंय की बँकेत. आणि मरणाच्या गोष्टी आत्ताच कशाला?"

मी पुढे काही बोलले नाही. ते मला आजही सलतं. कारण बाई गेल्या आणि तेराव्यानंतर दिराची मुलं वकिलाला घेऊन दारात उभी राहिली. बाईंच्या आजारपणात एकदाही न फिरकलेली माणसं! पण कायदा त्यांच्या बाजूनं होता.

हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६ चा. त्याचं कलम १५ सांगतं की, मृत्युपत्र न करता बाई गेली, तर तिची मिळकत आधी मुलं आणि नवऱ्याकडे जाते. (मूल आधीच गेलं असेल, तर त्याच्या मुलांना त्याचा वाटा.) यातलं कुणीच नसेल, तर नवऱ्याच्या वारसांकडे. तिच्या आईवडिलांचा नंबर त्यानंतर! आईवडिलांकडून वारसानं आलेली मिळकत तेवढी, मुलंबाळं नसतील तर, वडिलांच्या वारसांकडे परत जाते. पण स्वतः कमावलेल्या घराला ही सवलत नाही.

असाच एक खटला २००९ साली सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला. लग्नानंतर तीन महिन्यांत विधवा झालेल्या, सासरनं हाकललेल्या मुलीला आईवडिलांनी शिकवलं, ती नोकरीला लागली. ती मृत्युपत्र न करता गेल्यावर आईनं दावा केला. पण मिळकत सासरकडे गेली. सहानुभूती कितीही वाटली तरी निकाल कायद्याप्रमाणेच द्यावा लागतो, असं न्यायालयानं म्हटलं. बाईच्या स्वकमाईबाबत हे कलम बदलावं, अशी शिफारस विधी आयोगानं २००८ मध्येच केली होती. कलम मात्र तसंच आहे. ज्या घरानं तिला उभं केलं त्याला मागे टाकणारा हा नियम मला तरी अन्यायाचा वाटतो. पण तो बदलेपर्यंत हातावर हात ठेवून बसायचं का?

आता बँकेतल्या नावाचं. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, ही गोष्ट अनेक शिकलेल्या बायकांनाही माहीत नसते. बँक ठेवीचे पैसे नॉमिनीच्या हातात देते खरी, पण त्यावरचा वारसांचा हक्क तसाच राहतो. आमच्या भाचीला हे नोटीस आल्यावर कळलं.

आणि उपाय किती सोपा! मृत्युपत्राला स्टॅम्पपेपर लागत नाही. साधा कागद, आपली मराठी भाषा पुरते. आपलं नाव, वय, पत्ता. हे माझं शेवटचं मृत्युपत्र असून आधीची रद्द समजावीत, हे वाक्य. घर, जमीन, ठेवी, दागिने यांची यादी, गट नंबर किंवा घर नंबरासकट. आणि कुणाला काय, हे नाव घालून लिहायचं. दोन साक्षीदारांसमोर सही किंवा अंगठा करायचा आणि त्या दोघांनी आपल्यासमोर सह्या करायच्या. ज्यांना काही मिळणार आहे त्यांना साक्षीदार करू नका, म्हणजे पुढे संशयाला जागा राहत नाही. वय झालं असेल, तर मन ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडा. दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. जे आपल्या मालकीचं, तेवढंच देता येतं. मुस्लिम, ख्रिश्चन मैत्रिणींचे नियम वेगळे आहेत, त्यांनी वकिलांना विचारावं.

"लिहून दिलं की मुलं विचारणार नाहीत," ही भीती मला गटातल्या बायका नेहमी सांगतात. अहो, मृत्युपत्र म्हणजे बक्षीसपत्र नव्हे! जिवंत असेपर्यंत सगळं तुमचंच असतं. मन बदललं तर दुसरं करा, शेवटचं तेच खरं.

घरधन्यांनाही हा लेख वाचायला द्या. ते मृत्युपत्राशिवाय गेले, तर त्यांच्या मिळकतीत बायको, मुलगे, मुली आणि सासूबाई सारख्याच वाटेकरी. राहतं घर आपलंच, असं धरून चालू नका.

बाईंची भाची आता भाड्याच्या खोलीत मशीन चालवते. बाईंचं घर विकलं गेलं. मी मात्र त्या महिन्यातच माझं मृत्युपत्र लिहिलं. दोन पानं झाली आणि दुपारच्या चहाआधी काम संपलंही. खरं सांगते, रात्री शांत झोप लागली.